पान एकशे अडुसष्ट

प्रिय फौजदार,

पत्र बघून दचकू नकोस. एका घरात राहून, एका कपाटातले टॉवेल वापरून नवऱ्याने बायकोला पत्र लिहायचं म्हणजे जरा अतीच झालं. पण तोंडाने सांगायला गेलो की माझी गाडी दर वेळी भाजी आणि पाण्याच्या टाकीवर येऊन थांबते. अक्षर मोठं आलंय, ओळीही उतरत चालल्यात. नेहमीचं पेन सापडलं नाही म्हणून दुकानातल्या खोक्यांवर नावं घालायच्या जाड पेनाने लिहितोय. हे कारण खोटं आहे; खरं सांगायला आणखी दोन-तीन पानं लागतील, तेवढा धीर धर. तू शाळेतून यायच्या आत मला हे संपवायचंय, आणि सकाळपासून चार वेळा उठून खिडकीपाशी जाऊन आलोय.

आधी मुद्द्याचं. तुला माझा संशय आलाय हे मला कळलंय. येत्या गुरुवारी मी दुकान भागीदाराच्या हवाली करून निघालो की तू माझ्या मागे येणार आहेस. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहेस. तुझ्या मुख्याध्यापिकाबाई परवा त्यांचं दुरुस्त झालेलं घड्याळ न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, गुरुवारी घरी काही कार्यक्रम आहे का. मी हो म्हणालो. तुझं बिंग मी सांभाळलं, एवढं लक्षात ठेव.

सगळं खापर त्या रहस्यकादंबऱ्यांवर फोडावंसं वाटतं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत आपल्याकडे एकच कादंबरी होती आणि दोघांनाही ती आधी हवी होती. मधोमध फाडून वाटून घेऊ, असं तू अगदी गंभीरपणे सुचवलं होतंस. शेवटी तू आधी वाचलीस आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकडा लिहिलास, कितव्या पानावर गुन्हेगार ओळखलास तो. मी डोकावू नये म्हणून त्यावर कागदाची पट्टी चिकटवलीस. मी वाचून खाली माझा आकडा लिहायचा, मग पट्टी काढायची, आणि हरेल त्याने आठवडाभर सकाळचा चहा करायचा. एकतीस वर्षं हा खेळ चाललाय आणि चहा बहुतेक मीच केलाय. नवऱ्याचं दुसरं नाव असो, बायकोच्या पर्समधली अनोळखी किल्ली असो, जवळच्या माणसांची लपवाछपवी तुला पन्नासाव्या पानाच्या आत दिसते. गणिताच्या बाई तुम्ही. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून कोणी कोणाचं बघून लिहिलं ते सांगता, तिथे माझं काय चालणार?

आणि तरी मी चालवायला गेलो. गेल्या महिन्यातली ती जिन्यावरून पडलेल्या वहिनीची कादंबरी आठव. मी खाली आकडा लिहिला एकशे अडुसष्ट. तू पट्टी काढलीस, तुझा चव्वेचाळीस होता, आणि तू सहज विचारलंस की वाचताना मध्ये कुठे अडखळायला झालं नाही ना. छे, एका दमात संपवली, असं मी ऐटीत म्हणालो. तू मला चहासुद्धा करू दिला नाहीस, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पुस्तक परत करायला गेलो तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी पहिल्या पानावर तू लावलेली चिठ्ठी मला वाचून दाखवली. बांधणीत चूक आहे, एकशे साठनंतर थेट एकशे सत्त्याहत्तर, मधली सोळा पानं या प्रतीत नाहीत. नसलेल्या पानावर गुन्हेगार ओळखणारा मी पहिलाच वाचक असेन. तिथल्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिलो.

तेव्हापासून तुझा तपास चालू आहे आणि माझी घालमेल. माझ्या पिशवीतली चिठ्ठी तू वाचलीस. बायकी अक्षरात लिहिलेली, ‘गुरुवार, साडेचार, नक्की या’. वाचून परत ठेवताना तू तिच्या चार घड्या घातल्यास. मी दोनच घालतो. काळा चष्मा सापडला, तो तू ड्रॉवरमध्ये उलट्या बाजूने ठेवलास. भागीदाराला तू विचारलंस की हे हल्ली मनगटी घड्याळं का घेत नाहीत, नुसती भिंतीवरची का काढून बसतात, आणि तो बिचारा त त प प करत राहिला. जेवताना तू माझ्याकडे बघतेस आणि मी भाजीचं कौतुक करत सुटतो. गुरुवारच्या त्या बाईचा तू मनातल्या मनात चेहरासुद्धा ठरवून टाकला असशील. त्या बाई आहेत, खऱ्या आहेत. पन्नाशीच्या आहेत, मला काका म्हणतात आणि डोळ्यांत औषधाचे थेंब घालतात.

आता सांगतोच. आठ महिने झाले, मी एकही कादंबरी वाचलेली नाही. अक्षरं आधी वाकडी दिसायला लागली, मग ओळीच्या मधोमध धुरकट डाग बसला. जिथे बघावं नेमकं तिथेच काही दिसत नाही, कडेचं सगळं दिसतं. डाव्या डोळ्याचं झालं तेव्हा उजव्यावर भागवलं, आता उजवाही त्याच वाटेवर आहे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा मी, आता मोठ्या घड्याळांच्या काट्यांवर पोट भरतो. कादंबऱ्यांच्या गोष्टी मला कळायच्या तुझ्यामुळेच. पुस्तक संपलं की तू भाजी चिरता चिरता तुझ्या बहिणीला फोनवर सगळी कथा सांगतेस. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो आणि मग बेताचा एक आकडा लिहायचो. एवढ्या कादंबऱ्या वाचल्यास तू, पण इतकं मिळमिळीत गुपित एकाही नवऱ्याचं नसेल.

तुला का नाही सांगितलं, हे तुला माहीत आहे. तुझे वडील गेले तेव्हा तू सव्वीस वर्षांची होतीस, आणि त्यातली बारा वर्षं तुझा उजवा हात त्यांच्या कोपराशी होता. रस्ते, दवाखाना, पेपर वाचून दाखवणं, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगणं. मैत्रिणी सहलीला जायच्या आणि तू पायऱ्या मोजायचीस. आपण तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा बसथांब्यावर तू मला एकच अट घातलीस, की यापुढे तुला कोणाचा हात धरून रस्ता ओलांडायचा नाही. मी हसून कबूल केलं. त्यात अवघड काय होतं? एकतीस वर्षांत मी रस्त्यावर तुझा हात धरला नाही आणि तू कायम दोन पावलं पुढे चाललीस, चपला वाजवत. तू अशी मोकळी चालताना मला फार आवडतेस, हेही कधी सांगायचं राहूनच गेलं. मला तुझे वडील व्हायचं नव्हतं, म्हणून मी खोटे आकडे लिहीत बसलो. भ्यालो मी, सरळ सांगायचं तर.

हे आजच लिहायचं कारण गुरुवार आहे. आतापर्यंत नुसत्या तपासण्या होत्या, या वेळी डोळ्यात सुई देणार आहेत. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकेल असं डॉक्टर म्हणतात, आणि घरी न्यायला कोणीतरी सोबत हवं असंही म्हणतात. तू येणारच आहेस, तर लपतछपत मागून येऊ नकोस. हात धरायचा नाही, अट तशीच राहील. नेहमीसारखी दोन पावलं पुढे चाल, मी तुझ्या चपलांच्या आवाजावर येईन. आणि तेवढंही नको वाटलं तर तसं सांग, भागीदार येईल. मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण समजून घेईन. हे पत्र मी तुझ्या नव्या कादंबरीत एकशे अडुसष्टाव्या पानावर ठेवतोय. भिंग लावून तीनदा पाहिलं, या प्रतीत ते पान आहे. मागच्या कोऱ्या पानावर आज फक्त तुझा आकडा हवा, माझं गुपित तू कितव्या पानावर ओळखलंस तो. वर पट्टी लावू नकोस. आणि जरा मोठ्या अक्षरात लिही.

तुझाच,
संशयित