विलायती कापूस

५ मार्च १९७८, रविवार

बायकांना डोंगरांवर नेणाऱ्या वसुधाताई पुण्याहून आल्या, दोन जाकिटं घेऊन. म्हणजे आता माघार नाही. मे महिन्यात हिमालयात पिंडारीची हिमनदी बघायला जायचं ते जायचंच. दोन्ही जाकिटं त्यांचीच, दोन्ही पिसांची. बदकांच्या छातीखालची मऊ पिसं असतात म्हणे.

"एक तुला, एक मला. आधी तू निवड. पण विचार करून, सगळं ओझं आपल्याच पाठीवर आहे."

एक लष्करासाठी शिवतात तसलं. जाड, दणकट, कशाला घाबरणार नाही, पण उचललं की दंड भरून येतो. दुसरं कोणी परदेशी गिर्यारोहक जाताना विकून गेला ते. तलम नायलॉन, दाबून पिशवीत कोंबलं की दुधीभोपळ्याएवढं. रोज दहा-बारा मैल चालायचं, तेही चढाचं. मला तलमच हवं होतं, पण टिकेल का? सॅकचे पट्टे खांद्यावर घासणार.

चादरवाल्याची मुलगी मी. उजेडात धरलं, चिमटीत चोळलं, कापडाला तोंड लावून जोरात फुंकलं. वीण इतकी घट्ट की हवा पलीकडे जाईना. खांद्यावर आतून दुसरा पदर, शिवणी दुहेरी. घेतलं. व.ताई म्हणाल्या, "बाभळीच्या वाटेला जाऊ नकोस म्हणजे झालं."

६ मार्च

अव्वानं विचारलंच. "ह्यात काय भरलंय गं? वजनच न्हाय की."

मी म्हणाले, "विलायती कापूस."

ठरवून नाही बोलले. आलं तोंडातून. आमच्या घरात अंड्याचं नावही कोणी काढत नाही. अंगणात कावळ्याचं पीस पडलं तर अव्वा ते केरसुणीनं बोळात ढकलते आणि चूळ भरून मग पूजेला बसते. पिसं म्हटलं असतं तर जाकीट उंबऱ्याबाहेर गेलं असतं, आणि पिंडारीही.

सत्तावीस वर्षांची बाई. मुलींना भूगोल शिकवते. आईपुढे थाप.

१२ मार्च

अप्पांनी दुकानातल्या चादरीची बंडी शिवून आणली. लाल-काळी, आत कापूस गच्च भरलेला, वर मोराची नक्षी बरोबर पाठीवर आलेली. "हिच्यापुढं कसली थंडी टिकतीया?" असं म्हणून स्वतःच अंगात घालून दाखवली.

मी हसले. चांगलं नव्हे, तसलं हसले. "अप्पा, ही घालून वर गेले तर मला उचलायला माणूस लागेल." शिवाय कापूस एकदा भिजला की डोंगरात वाळत नाही, वगैरे वगैरे. सगळं खरं. अप्पांनी बंडी घडी करून कपाटात ठेवली. व.ताईंबरोबरच्या बायका मोराकडे बघून काय म्हणतील, हेच आधी डोक्यात आलं होतं. वाळण्याचं नंतर.

१९ मार्च, रविवार

हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत चालून आले. सॅकमध्ये ओझं म्हणून चार चादरी आणि वरवंटा. पट्टे कसे बसतात ते बघायला अंगात जाकीट! पहाटेची हवा म्हणून निघाले खरी, पण परत येईस्तोवर ऊन. घामाच्या धारा. टांगेवाला घोडा थांबवून बघत राहिला. खांद्यावर मात्र एक दोरा सुटलेला नाही.

घरी आल्यावर अव्वा म्हणाली, "आण, मला बघू दे." लुगड्यावरून अंगात चढवलं. ते तिच्या छातीवर बसलं, गळ्यातल्या लिंगावर. त्यावर हात ठेवून म्हणाली, "किती ऊब गं. कापूस असावा तर असा." आरशापुढं जाऊन आली. लहान मुलीसारखी खूश.

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही. म्हटलं, "काढ, गरम होईल."

२ एप्रिल

आज सांगेन, उद्या सांगेन चाललंय. सोमवारी तिचा उपास म्हणून नाही. मंगळवारी पाहुणे म्हणून नाही. मला कारणं फार छान सुचतात.

११ एप्रिल

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळची शाळा. दुपारी बोळात शिरले तर हवेत पांढरं पांढरं. वाटलं, सावरीची बोंडं फुटली. मग आमच्या कट्ट्यावर चाँदचाचा पिंजारी दिसला, कमान हातात. पुढ्यात माझं जाकीट, पाठीवरचे कप्पे उसवलेले.

सगळा प्रकार असा, अप्पांकडून कळलेला. जाकिटाला माझ्या घामाचा वास येत होता. चार लोकांत पोरगी जाणार म्हणून अव्वानं मी शाळेत असताना ते सोड्यात भिजवून धुतलं. आतल्या भरावाच्या गठळ्या झाल्या. ती घाबरली. मी यायच्या आत नीट करून ठेवावं म्हणून चाचाला हाक मारली. जुन्या गादीचा कापूस पिंजून घेतात तसं. माझ्या कापसावर तिचा विश्वास होता ना!

चाचानं कमानीची तात एकदाच छेडली असेल. पिसं उठली ती कडुनिंबापर्यंत. मी कोपऱ्यावर होते तेव्हा तो तात थांबवून अव्वाला हळूच सांगत होता, "अव्वा, ये रूई नै है. पराँ हैं, किसी पंछी के."

अव्वा हात लुगड्याला पुसत राहिली.

तेवढ्यात शेजारच्या नीलाक्का. आमच्यातल्याच, आणि सोवळं अव्वाहून कडक. त्यांनी सकाळीच बाजेवर कुरडया घातलेल्या. ओल्याच होत्या. त्यांवर पिसं चिकटली. "अहो अक्का! दारात कोंबडं सोललंत का काय? हितं बघा की माझ्या कुरडया!" दारादारांतून बायका बाहेर.

आणि अव्वा म्हणाली, "न्हाय गं. गिरिजाच्या कोटातला कापूस हाय. विलायती."

माझेच शब्द. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. मी आलेय हे तिला दिसलं होतं.

नीलाक्कांनी चाचाकडं पाहिलं. तो मान खाली घालून कमान आवरत म्हणाला, "हौ. बाहर की रूई है."

"व्हय का? मग काय न्हाय. मला मेलीला वाटलं..." आणि त्या कुरडयांवरचं एकेक पीस वेचायला लागल्या. वेचून कुरडया तशाच ठेवल्या.

मी कोपऱ्यावर, हातात नकाशांची गुंडाळी. एक वाक्य बोलायचं होतं. पण बोलले असते तर सगळ्या बोळापुढं अव्वा खोटी पडली असती. हे खरं कारण की आणखी एक छानसं कारण, मला माहीत नाही. लाज वाटते. इतकी कधी वाटली नव्हती.

१२ एप्रिल

अव्वानं काल दोनदा अंघोळ केली. आज पूजा नेहमीपेक्षा लांबली. जेवायला वाढलं, मीठ बरोबर होतं, रागावली नाही. रागावली असती तर बरं.

भांडी घासताना एकच विचारलं. मनातलं बोलायचं असलं की ती कानडीत शिरते. "एष्टु हक्की?"

किती पक्षी. एका कोटाला किती पक्षी.

म्हटलं, माहीत नाही अव्वा. खरंच माहीत नाही. कापड उजेडात धरून बघितलं, फुंकून बघितलं, शिवणी मोजल्या. हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

१६ एप्रिल, रविवार

व.ताई आल्या. सगळं सांगितलं. आधी खो खो हसल्या, मग माझं तोंड बघितलं. म्हणाल्या, "अगं, भिजली की गठळ्या होतातच. सावलीत वाळवून झटकत राहायचं, आपोआप फुलतात. आईंना माहीत असतं तर..." 

जाड जाकीट घेऊन जा, म्हणाल्या. म्हणजे तेही पिसांचंच. मी म्हटलं, उसवलंय ते मी शिवेन आणि नीलाक्कांना खरं काय ते सांगेन.

२३ एप्रिल

कट्ट्यावर बसून कप्पे भरतेय. वेचलेली पिसं मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. बोटाला चिकटतात, नाकात जातात, टाक्यातून डोकावतात. कापडाची पारख आहे, शिवणकामाच्या नावानं आनंद.

अव्वा दारात उभी राहून बघत होती. मग बाहेर आली आणि सुई माझ्या हातातून घेतली. "ही शिवण तितं टिकणार न्हाय. थंडीत मरशील." तोंडाला पदर बांधून बसली. बारीक, एकसारखे टाके. एक कप्पा झाल्यावर उठली, मागच्या दारानं न्हाणीत गेली.

नको म्हणायला हवं होतं. मी दोरा ओवून देत राहिले.

३० एप्रिल

रोज दुपारी एक कप्पा. रोज मागच्या दारानं न्हाणी. दोघी बोलत नाही फारसं. अप्पा एकदा म्हणाले, "झालं गेलं, सोड की." अव्वा म्हणाली, "मी कुटं काय धरलंय?"

४ मे

झालं शिवून. फुंकून बघितलं, एक पीस बाहेर येत नाही. जाकीट बाहेरच्या खुंटीवर. आत कोणी आणलं नाही, मीही नाही.

९ मे

उद्या सकाळची गाडी. सॅक भरली. दुधीभोपळ्याएवढी जागा रिकामी ठेवलीय.

संध्याकाळी नीलाक्का आल्या, ताटलीत तळलेल्या कुरडया. "घे गं गिरिजा, वाटेत खायला. तुझ्या त्या कापसातनं वाचलेल्या." हसल्या. घरात सगळ्यांनी खाल्ल्या, पाहुण्यांनाही वाढल्या म्हणे. मग खुंटीवरचं जाकीट चाचपून मलाच विचारलं, "खरंच कापूस हाय व्हय गं ह्यात? हातालाच लागंना."

मी अव्वाकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा असं सरळ. तू सांग, असं होतं त्यात, की सांगू नकोस असं?

मी म्हणाले, "हो. विलायती."

अव्वा पुढं झाली. ताटलीतली एक कुरडई उचलली, मोडली, आणि नीलाक्कांसमोर खाल्ली. "लई हलकी झालीया," म्हणाली.

नीलाक्का खूश होऊन गेल्या. अव्वा न्हाणीकडं गेली नाही. देवघरापुढून आत जाताना थांबली, आत न जाता कट्ट्यावर येऊन बसली. अजून तिथंच आहे, खुंटीखाली. दिवेलागण झालीय, पूजेची वेळ टळत चाललीय.

कपाटातून अप्पांची बंडी काढून बघितली. मोर तसाच. जड आहे. नीलाक्कांचं दार उघडं दिसतंय, चार पावलांवर. उठून जावं, खरं काय ते सांगून यावं. पण अव्वाला विचारून जावं, की न विचारता?