आधी खुशाली

नैरोबी,
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबाजींस,
रंजीताचा शि. सा. न. वि. वि.

आधी खुशाली, तुम्हीच तसं शिकवलंत. मी, आजी आणि बादलदादा सुखरूप आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून हाताने लिहून पत्राचा फोटो आईच्या फोनवर पाठवते आहे. तुमचा दम कसा आहे ते उत्तरात पहिल्याच ओळीत लिहा.

काल दादाने आम्हाला अंबोसेलीचं जंगल दाखवलं. तो इथेच राहून या भागात सौरपंप बसवतो, त्यामुळे वाटा त्याच्या पायाखालच्या. समोर किलिमांजारो, माथ्यावर बर्फ. आजी म्हणाली, हा डोंगर तांड्याच्या नायकासारखा पांढरं पागोटं बांधून बसला आहे, आता न्याय सांगेल. वाटेत मसाई बाया भेटल्या. त्या आजीच्या कांचळीवरचे आरसे चाचपत होत्या, आजी त्यांचे मणी. एकीची भाषा दुसरीला येत नाही, तरी बराच वेळ बोलल्या. निघताना आजीने मला सांगितलं की त्यातल्या एकीची सून आळशी आहे.

मग हत्ती दिसले. धुळीने लाल झालेली एक हत्तीण पिल्लाला पायांत घेऊन गाडीसमोरून गेली. आजीने हात जोडले, ओढणी खाली सरकली. तेव्हा आमच्या ड्रायव्हरने तिच्या दंडाकडे पाहिलं आणि दादाला हळूच विचारलं की त्या पांढऱ्या बांगड्या हस्तिदंताच्या तर नाहीत. इथे कायदा फार कडक आहे. परत जाताना विमानतळावर सापडल्या तर आजीला अटक होऊ शकते.

निघताना मी लोणच्याच्या बरणीपासून तिच्या गोळ्यांच्या चिठ्ठीपर्यंत सगळं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. पण तिच्या दंडावरच्या त्या बांगड्या, तिचे बलिया, मी सामानात धरलेच नाहीत. कळतं तेव्हापासून पाहते आहे. ते मला तिच्या अंगाचाच भाग वाटतात. आबाजी, ते कशाचे आहेत? माझ्या समाधानासाठी प्लॅस्टिकचे म्हणू नका. परतीचं विमान नऊ तारखेला आहे.

आपल्या छायेत वाढलेली,
रंजीता

तांडा, पोहरादेवीजवळ,
५ जानेवारी

चि. रंजीतास,
आजाचा आशीर्वाद. जय सेवालाल.

दम हाय तसाच हाय. रातभर बसून राह्यतो आन् दिवसा झोपतो, घुबडाची नोकरी लागली मले. तुझी माय रुख्मिणी वाफ देऊन देऊन थकली.

बलिया हत्तीच्या दाताचेच हायेत. तुझ्या आजीच्या आजीचे. आता पोरी प्लॅस्टिकचे घालतात, तिनं कधी घातले नाहीत. तिकडं तो गुन्हा होते, हे आपल्या तांड्यात कोणाले माहीत?

तुले रीत ठावकी हाय. नवरा गेला म्हणजे बाईच्या दंडावरचे बलिया उतरवतात. मी तं अजून बसलो हावो. पण बायको परदेशी कोठडीत आन् मी घरी खाटेवर, असा नवरा मले व्हायचं नाही. तिले सांग, सेवादास म्हणते, काढ. आयकणार नाही. आजवर तिनं माझं एकच आयकलं, ते बी बैल विकायच्या वक्ताले.

जुने लोक म्हणत, नवऱ्यानं आपल्या हातानं दुसरे भरले तं दोष लागत नाही. मी संगं असतो तं तिथंच भरले असते. पण मानोरा गावाच्या पुढं गेलो का माझी छाती घाबरते, म्हणून तिले धाडली आन् मी राह्यलो. आता त्याचंच वाईट वाटून राह्यलं.

पोरी, तू घाबरू नको. घाबरशील तं तिले बी भेव वाटंल.

तुझा आजा,
सेवादास

नैरोबी,
७ जानेवारी

तीर्थरूप आबाजींस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही बरे आहोत. यापुढचं बरं नाही.

तुमचा निरोप आजीला शब्दशः सांगितला. ती म्हणाली, त्यांचं काय जातं सांगायला. आजारी माणसाला घरी ठेवून मी डोंगर पाहायला आले हेच चुकलं, त्यात इथे हात उघडे केले आणि तिकडे काही झालं, तर ते मीच केलं असं होईल. मग म्हणाली, मी इथेच राहते, दादाच्या भाकरी थापते, तू जा. ती हे हसून म्हणाली नाही.

दादाने वनखात्याच्या कचेरीत चौकशी केली. आपणहून आणून दिले आणि कसे मिळाले ते लिहून दिलं, तर समज देऊन सोडतील असं तिथल्या बाईंनी सांगितलं. विमानतळावर सापडले तर त्यांच्या हातात काही नाही.

काल संध्याकाळी आजीने मला विचारलं की हत्तीचा दात आपोआप पडतो का. मला वाटलं, हो म्हणावं. पण तुम्ही मला तसं वाढवलं नाही. मी सांगितलं की दातासाठी हत्ती मारतात. ती बराच वेळ दंड धरून बसली. ती पिल्लाची आई डोळ्यांपुढून हलत नाही, एवढंच बोलली. आज सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलेलं नाही. आबाजी, काय करू ते लगेच कळवा.

आपली,
रंजीता

नैरोबी विमानतळ,
९ जानेवारी

तीर्थरूप आबाजींस,
सा. न. वि. वि.

आजीची प्रकृती ठीक आहे. तुमची खुशाली कळत नाही.

सात तारखेच्या पत्राला उत्तर नाही. काल आईचा एका ओळीचा निरोप आला, सगळं बरं आहे, नीट या. त्यानंतर ती फोन उचलत नाही. शेवटी आज दुपारी शेजारच्या चंदाबाईंना लावला. त्या म्हणाल्या, आज सकाळीच घराला कुलूप लागलं. तांड्यातल्या हेमसिंगची जीप आली होती, आणि दोघांनी दंडाला धरून तुम्हाला आत बसवलं. कुठे नेलं ते त्यांना माहीत नाही.

हे मी आजीला सांगितलेलं नाही. कसं सांगू? काल सकाळी तिनेच दादाला साबण आणायला सांगितला. खालचे बलिया निघाले, दंडावरचे रुतलेले होते, ते बारीक करवतीने कापावे लागले. ती रडली नाही. प्रत्येक तुकडा कपाळाला लावून तिने माझ्या ओंजळीत दिला. कचेरीतल्या बाईंनी ते घेतले आणि कागदावर तिचा अंगठा घेतला. आणि आज चंदाबाईंकडून हे कळलं.

आजीचे दंड बलियांखाली इतके गोरे असतील असं मला वाटलं नव्हतं. लहान मुलीचे वाटतात. ती ते ओढणीत गुंडाळून बसली आहे आणि दर थोड्या वेळाने विचारते, त्यांचं पत्र आलं का. मी म्हणते, तिकडे रेंज नसेल. मी आजवर तिच्याशी खोटं बोलले नव्हते.

आबाजी, हे पत्र कुणाला पाठवते आहे ते मला कळत नाही. तरीही पाठवते.

आपलीच,
रंजीता

मुंबई, विमानतळाच्या दाराबाहेर,
१० जानेवारी

चि. रंजीतास,
आजाचा आशीर्वाद.

आधी खुशाली. मी जिता हावो.

तुझं कालचं पत्र आत्ता तुझ्या मायनं दाखवलं. ती चंदाबाई तोंडाची फाटकी हाय. जीपची पायरी उच्ची, म्हणून दोघांनी चढवलं, दुसरं काही नाही. अकोल्याहून रातच्या गाडीत बसलो. तुम्हाले कळवू नको म्हणून तुझ्या मायले मीच शपथ घातली. तुझ्या आजीले कळलं असतं तं तिनं तिथूनच मले परत धाडलं असतं.

मानोरा मागं पडला तशी छाती घाबरली. अकोल्याले जास्त. मंग एवढे टेसन आले का कोणत्या टेसनाले घाबरावं तेच समजेना. पहाटे खिडकीतून घाटातले बोगदे पाह्यले. बरे हायेत. तुझ्या आजीच्या डोंगराएवढे नसतील.

तुझं सात तारखेचं पत्र वाचलं तवाच समजलो, ती आता काढणार, म्हणून पोहरादेवीच्या बाजारातून नवे बलिया घेतले. प्लॅस्टिकचे हायेत, तिले आवडणार नाहीत. नाक मुरडू दे. तांड्यातल्या बायांनी तिचे उघडे हात पाह्यच्या आधी भरायचे, म्हणून इथवर आलो. दम लागून राह्यला, पण मी दाराच्या समोरच बसलो हावो. पागोटं लाल हाय, दिसंल.

तिले म्हणा, दंडावरची ओढणी काढून ये, हात पुढं करून.



तुझा आजा,
सेवादास