शकूने आणलेला डबा

लाखनी, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या कॅन्सरवरच्या लाल औषधाचे दोन डोस बाकी आहेत. त्याच औषधाने हृदय थकलंय, कालच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी दिसलं. हे कळायचा अवकाश, नणंद शकू दिघोरीहून अँटिऑक्सिडंट पावडरीचा डबा घेऊन हजर.

"वहिनी, रोज दोन चमचे घेत जा. हार्टले जपते. पण डॉक्टरले सांगू नोका."

"काहून?"

"ते नाही म्हणतेत न."

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. ही पावडर हृदयासोबत कॅन्सरच्या गाठीलाही औषधापासून वाचवेल का, हे डब्यावर लिहिलेलं नाही आणि शकूला ठाऊक नाही. तरी ती चहा करत असताना मी डबा दोनदा उघडला, हे इथे तरी लिहावं. भीती वाटते. वाटू दे. चोरून चमचे खाणार नाही.

डबा रिपोर्टांच्या पिशवीत टाकलाय. गुरुवारी नागपूरला शकूलाही नेणार. "डॉक्टरांपुढे तूच बोल," म्हटलं, तर म्हणते, "मले वावरात काम आहे."

काम राहील. आणि डॉक्टरांनाही सोडणार नाही. पावडर नको, तर हृदय सांभाळायला तुमच्याकडे काय आहे? हे नीट सांगितल्याशिवाय पुढची सुई टोचू देणार नाही.