गाडीची नाताळची आंघोळ

प्रिय मार्युत,

तुझं पत्र पोचलं. नाताळला यायला जमणार नाही म्हणतेस. बरं. तुर्कूहून केमीयार्वीला यायचं म्हणजे अख्खा देश ओलांडायचा, त्यात तुझी हॉस्पिटलातली ड्यूटी. मी काही रुसून बसलेली नाही. हॅम मात्र नेहमीएवढंच मोठं सांगून ठेवलंय. उरलं तर जानेवारीभर वाटाण्याच्या सूपात घालीन, आणि तुझ्या नावाने खडे फोडत खाईन.

इकडची बातमी म्हणजे गाडीची कुलपं गोठली. हसू नकोस. कशाने गोठली ते तुला वेगळं सांगायला नको. नाताळच्या तोंडावर खिडक्या पुसून झाल्या, गालिचे झटकून झाले, सगळे सौनाच्या वाफेत न्हाऊन लालबुंद होऊन बाहेर आले, की तुझ्या बाबांना गाडी पारोशी दिसायला लागायची. सणासुदीला तिनेच काय पाप केलंय, म्हणायचे, आणि सौनातलं उरलेलं ऊन पाणी बादलीने तिच्या अंगावर ओतायचे. बाहेर उणे पंचवीस! ते पाणी दारांच्या रबरात शिरायचं, कुलपांत शिरायचं. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या घेऊन आजी-आजोबांच्या कबरींकडे निघालो, की चारही दारं घट्ट. शेजारचा ताइस्तो कुंपणावर रेलून हमखास विचारणार, काय ओइवा, नवरीला न्हाऊ घातलंस वाटतं?

मग सुरू व्हायची झटापट. बाबा काडी पेटवून किल्ली तापवायचे, मी गाडी गरम करायला अंगणात बसवलेल्या विजेच्या खांबाला केस वाळवायचं यंत्र जोडून कुलपावर धरायचे आणि ओरडायचे, अहो, जोर लावू नका, किल्ली मोडेल! बर्फ वितळवायच्या औषधाची कुपी? ती असायची गाडीत, पुढच्या खणात. इतका शहाणा माणूस, पण ती कुपी घरात ठेवावी हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. एकदा तर बाबांनी कुलपाला तोंड लावून फुंकर मारली आणि ओठाचं सालपट तिथेच ठेवून आले. त्या नाताळात त्यांनी नुसती लापशी गिळली, आणि तरीही चूक माझीच होती म्हणे.

मागचं डिकीचं दार तेवढं कधी गोठायचं नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत बादली संपलेली असायची. तिथून तुला आत ढकलायचं हे ठरलेलंच. तू लाल टोपी घालून, बुटांसकट सीटांवरून रांगत पुढे जायचीस आणि दोन्ही पायांनी दाराला अशी लाथ हाणायचीस, की बर्फाचा कडकन आवाज व्हायचा. बाबा बाहेर मागचं दार हाताने तोलून धरून उभे, कारण ते आपोआप खाली यायचं. ते म्हणायचे, बघ ताइस्तो, तुझ्याकडे आहे का असं औषध?

यंदा पहिली आंघोळ नोव्हेंबरातच झाली, साध्या मंगळवारी. मी म्हटलं, अहो, नाताळ कुठे आणि तुम्ही कुठे? ते ओशाळले, बरं बरं म्हणाले. त्याच आठवड्यात पुन्हा बादली. आता बादली लपवली, तर सौनातल्या ओगराळ्याने पाणी नेतात. मी रबरांना सिलिकॉन लावलं, कुपी स्वयंपाकघरात आणून ठेवली, कुलपांत तेल सोडलं. कुलपांचं मी बघते गं, त्याचं काही नाही. रोवानिएमीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हे विसरणं वाढतच जाणार. किती भरभर, ते त्यांनाही सांगता येत नाही. ताइस्तोच्या बायकोचं नाव ते आता विसरलेत. सकाळी मला दोनदा विचारलं, की या घरातली बाई कुठे गेली. मी म्हटलं, इथेच आहे, कॉफी गाळतेय. मग रडले नाही, कॉफी खरंच गाळायची होती.

हे मी फोनवरच सांगणार होते, पण फोनशेजारी तेच बसलेले असतात, म्हणून पत्र. काल दुपारी बराच वेळ दिसले नाहीत, म्हणून मी बाहेर गेले. गाडी नखशिखान्त बर्फाने मढलेली, आणि हे मागचं दार वर तोलून धरून उभे. हातात मोजे नाहीत, बोटं पांढरीफटक. म्हटलं, अहो, आत चला, गारठून मराल. तर मलाच दटावलं, अगं थांब जरा, मार्युत आत गेलीय, आत्ता उघडेल. मला त्यांना आत न्यायला फार वेळ लागला, आणि फार वाईट वाटलं. मार्युत, तुझं नाव अजून त्यांच्या तोंडात आहे. पुढच्या नाताळला असेल की नाही, ते मला माहीत नाही. ड्यूटी कुणाशी तरी बदलून घे आणि ये. त्या मागच्या दारातून तू आता मावशील की नाही, देव जाणे, पण लाल टोपी मी शोधून ठेवलीय. बादलीही परत जागेवर ठेवते.

तुझीच,
आई