मोठ्या आईचा गाऊन

प्रिय मोठी आई,

काल हौसाआत्या माझ्या मशीनपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "सुमे, माजं माप घे. गाऊन शिवायचाय." मी टेप हातात धरून नुसती बघत राहिले. तू गेलीस त्या दिवशी सगळ्या गावासमोर गाऊनवरून भांडण काढलं ती हीच तुझी नणंद. घरात हे कुणाला सांगावं तर सगळे हसतील. तू असतीस तर, नात्याने काकू असलीस तरी, आईच्याही आधी तुलाच सांगितलं असतं, म्हणून लिहितेय. तुला वाचता यायचं नाही, पण मी वाचून दाखवलेलं तू ऐकायचीस. तसंच समज.

गाऊन हा शब्द आपल्या घरात तूच आणलास. आठवतं का? मोठे बाबा गेल्यावर त्यांच्या जमिनीच्या केसला तू पनवेलच्या कोर्टात जायचीस. भाकरी फडक्यात बांधून व्हरांड्यात बसायचीस. संध्याकाळी घरी येऊन माझ्या आईला सांगायचीस, "आपला वकील गाऊन घालून उबा रायला ना, का जजसुद्दा गप बसून आयकतो." मी लहान होते. मला वाटायचं, गाऊन म्हणजे असं काहीतरी, की ते अंगावर घातलं की लोक आपलं ऐकतात. मला तो पाहिजेच होता, कारण वर्गात बाईंनी उभं केलं की माझा आवाज निघायचा नाही.

तुला विचारलंही होतं, मला मिळेल का. तू म्हणालीस, "वकील हो, मंग मिलंल."

आठवीत मी शाळा सोडली. उत्तर येत असून गप्प उभं राहायचं, त्यापेक्षा घर बरं. बाबा खूप ओरडले. तू उठलीस. तुझं परकर-चोळ्या शिवायचं जुनं मशीन पेटीमागून ओढून काढलंस, तेल घातलंस आणि माझ्यापुढे ठेवलंस. "हिच्याशी बोलायला लागत नाय," म्हणालीस. एवढंच. तेव्हा मला राग आला होता तुझा. वाटलं, ही तरी म्हणेल की जा परत शाळेत.

मग शेजारच्या नव्या खांदा कॉलनीत बिऱ्हाडं आली आणि गाऊनही आले. तू आपल्या विचुंब्याहून माठ-मुळ्याची भाजी घेऊन जायचीस, मी टोपली उतरवायला बरोबर. दुधाच्या केंद्रावर बायका गाऊनवर, भाजी घ्यायला गाऊनवर, खांद्यावर एक टॉवेल टाकला की झालं. एका बाईला तू विचारलंस, "ह्याला काय बोलतात वो?" ती म्हणाली, "गाऊन, मावशी." परत येताना तू रस्ताभर हसत होतीस. "या सगल्या कोर्टात निंगाल्या का गं?"

पण त्या बाईला शिवून पाहिजे होता आणि तूच सांगितलंस की माझी पोर शिवते. मला न विचारता. पहिला गाऊन मी तिचा जुना उसवून, त्याच्यावरून बेतून शिवला. मग एकीचं बघून दुसरी यायला लागली. कॉलनीतल्या म्हणायच्या गाऊन, पनवेल गावातून यायच्या त्या म्हणायच्या मॅक्सी. कपडा तोच.

त्यांच्यात एक शाळेतल्या मॅडम होत्या. त्यांच्या भिंतीवर फोटो होता, काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात गुंडाळी. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "हा पण गाऊनच बरं का. पदवीचा." मी घाबरत घाबरत विचारलं, मग खरा कुठला? त्या हसल्या. "इंग्रजांकडे गाऊन म्हणजे समारंभाला घालायचा लांब झगा. आपल्याकडे समारंभ सोडून सगळीकडे घालतात."

घरी येऊन तुला हे सांगितलं. तू मशेरी लावत होतीस. थुंकून आलीस आणि म्हणालीस, "कंबर कसल्याशिवाय बाईमाणसाचं काम व्हतं का? त्याच्यात कंबर हाय का नाय तेच कलत नाय." तुझं लुगडं कायम घट्ट, गुडघ्याच्या वर. डोक्यावर भारा घेऊन तू चालायचीस तेव्हा मी मागे पळायचे.

तू गाऊन घालशील असं मला कधी वाटलं नव्हतं.

पोटात गाठ निघाली आणि तुला दवाखान्यात ठेवलं. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर हिरवा कपडा घेऊन आली. "आजी, हा गाऊन घाला." तू उलटापालटा करून बघितलास. मागून सगळा उघडा, नुसत्या दोन नाड्या. तू तो खाली ठेवलास आणि लुगड्याची गाठ मुठीत धरून बसलीस. "पाठ उगडी टाकून मी बाप्यांच्या समोरून नाय जायाची."

सिस्टर चांगली होती. तिने समजावलं, वर चादर घालतो म्हणाली. तू ऐकेनास. बाबा दाराबाहेरून ओरडले, "वयनी, हट करू नको, डाक्टर थांबलेत." तू म्हणालीस, "थांबूदे." शेवटी सिस्टर म्हणाली की आज होणार नाही, मग पुढे ढकलावं लागेल.

मला बोलता येईना. पिशवीत सुई-दोरा असतोच. मी माझी ओढणी मधोमध फाडली आणि त्या गाऊनच्या मागे लावायला घेतली. सिस्टर म्हणाली, "अगं, त्यांना आत लगेच काढायला लागेल." मी म्हटलं, "कच्चे टाके आहेत. एक दोरा ओढला की सगळं सुटतं." तिने ओढून बघितलं, सुटलं. मी परत घातले. तू तो अंगावर चढवलास, हात मागे नेऊन पाठ चाचपलीस आणि आत गेलीस. जाताना काय म्हणालीस आठवतं? "बगितलंस, मशीन नसली तरी जमतं तुला."

घरी आलीस ती वाकून. पोटावर टाके, लुगड्याची गाठ सहन होईना. आईने सैल नेसवलं तर चालताना सुटायचं. मग एक दिवस सगळे शेतावर असताना तूच म्हणालीस, "सुमे, एक शिव मना. पन दारात नाय घालनार." मी दोन शिवले. जाड सुती, घेर मोठा, आतून खोल खिसा मशेरीच्या डबीला. पहिले दिवस तू दार लावून बसायचीस. मग ओटीवर. मग नळावर. बायका म्हणाल्या, "म्हातारी कालनीवाली झाली." तू खिशातून डबी काढून त्यांनाच मशेरी दिलीस.

त्याच दिवसांत तू मला सांगितलंस, "मी गेले का लुगड्याची गाठ मारू देव नको पोटावर. लय दुखलंय तिथं." मी हो म्हटलं. मला तेव्हा कळलंच नाही की हे मला कुणापुढे तरी बोलावं लागणार आहे. अगं, हौसाआत्याला सांगायचं होतंस ना तेव्हाच! रोज तर यायची ती तुझ्याजवळ बसायला. घरात बोलणाऱ्या एवढ्या, आणि तू निवडलंस मला.

तू गेलीस. तुझा भाऊ माहेरचं लुगडं घेऊन आला, रीतीप्रमाणे. आंघोळ घातली, आत्याने लुगड्याची घडी मोडली. मी कोपऱ्यात धुतलेला गाऊन घेऊन उभी होते. तिने बघितलं. "ह्यो कशाला?"

मी काहीतरी पुटपुटले.

"मोट्यानं बोल की."

"तिच्या पोटावर गाठ नको," मी म्हटलं. "तिनं सांगितलंय. आतून गाऊन घाला."

आत्या भडकली. "माह्यारचं लुगडं आलंय, आनि तिला झग्यावर नेऊ? लोक काय बोलतील? भावाचा मान हाय का नाय?" बाहेर पुरुषांपर्यंत आवाज गेला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. शाळेत बघायचे तसंच. पण या वेळी उत्तर गिळून मला घरी जाता येणार नव्हतं. घरातच होते मी.

मी म्हटलं, "लुगडं नेसवू ना. मामाचंच नेसवू. गाठ न मारता. मी ते गाऊनलाच कच्च्या टाक्यांनी जोडते, हलणार नाही."

कुणीतरी म्हणालं, मेलेल्या अंगाला सुई? आत्या तुझ्या पोटाकडे बघत होती. तो व्रण तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितला असणार. मग म्हणाली, "अंगाला कुटं, कापडाला लावतेय ती. घाल गं पोरी."

मी घातले. तिने निऱ्या धरल्या, मी टाके. तुझा भाऊ आत आला, लुगडं बघितलं, पाया पडला. त्याला काही कळलं नाही. पोटावर गाठ नव्हती, मोठी आई. एवढं तुला सांगायचं राहिलं होतं.

काल माप घेताना आत्या भिंतीकडे बघून बोलत होती. गुडघे धरलेत, लुगडं नेसायला वाकवत नाही म्हणाली. "खिसा आतून कर, तिच्यावानी." मी लिहून घेतलं. निघताना उंबऱ्यात थांबली. "आनि सुमे, माज्या वक्तालापन तूच बस. कच्चे टाके घाल."

मी हो म्हटलंय. मोठ्याने म्हटलं, तिला कमी ऐकू येतं म्हणूनही असेल. पण तुला शब्द देते, तिच्या वेळी मी कोपऱ्यात उभी राहणार नाही. सुई ओवून पुढे बसेन, आणि कुणी विचारलं तर एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन.

तिचं कापड आज बेतायला घेतलंय. खिसा तुझ्याएवढाच खोल ठेवतेय.

तुझी,
सुमी