उजवा कान कुणाकुणाला सांगावा

३ फेब्रुवारी १९९९

आज एम.एड.च्या वर्गात मॅडमनी प्रश्नावली वाटली. साठ प्रश्न — स्वतःबद्दल कुणाला किती सांगता? रकाने चार: आई, वडील, मैत्रीण, होणारा नवरा. काहीच नाही तर शून्य, थोडं तर एक, सगळं तर दोन. "निस्संकोच भरिए, छिपाना ही हर रिश्ते का रोग है," मॅडम म्हणाल्या. मागून कुणीतरी त्यांचं वय विचारलं. मॅडम खडू शोधायला लागल्या!

माझा बाबांचा रकाना — शून्यच शून्य. अनिमेषचाही जवळपास तसाच. त्याला फक्त आवडती भाजी सांगितली आहे.

५ फेब्रुवारी

इथे तरी लिहून टाकते. माझा उजवा कान बंद आहे. ठार बंद. सहाव्या वर्षी गालगुंड झालं. ताप गेला तो कान घेऊनच गेला. आईला काळजी वेगळीच — आमच्या या काशीत मरताना शंकर तारकमंत्र सांगतो तो उजव्याच कानात! म्हणजे माझा मोक्ष बोंबलला. मी म्हटलं, शंकराला म्हणावं डावीकडून ये. आईने लाटणं उगारलं.

अनिमेष पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत. जानेवारीत साखरपुडा झाला. त्याची आत्या माझ्या उजवीकडे बसून अर्धा तास बोलली. मी नुसती हसत राहिले. मुलगी फार नम्र आहे म्हणाली!

८ फेब्रुवारी

बाबांसमोर विषय काढलाच. "कानाचं त्यांना सांगायला हवं."

"लग्न झाल्यावर कळेलच की! आत्ता कशाला ढोल पिटायचा?" — आई.

बाबा पंचांगातून मान वर न करता — "बघू."

जन्मभर पाठशाळेत वेद घोकवून घेणारा माणूस, आणि घरात दीड शब्द! वैशाखात लग्न आहे, कधी बघणार? फसवून लग्न मला नको. मोडलं तर मोडलं, असं तोंडाने म्हणते. पण मोडू नये. तो आवडतो मला.

बाबांशी आजपासून बोलणं बंद.

१६ फेब्रुवारी

विष्णु भैयाच्या एसटीडी बूथवर आता कॉम्प्युटर आलाय. ई-मेल तोच टाइप करतो, दोन बोटांनी. आपण फक्त कागद द्यायचा. सगळ्या मोहल्ल्याचा पत्ता एकच, उत्तर आलं की छापून देतो. मी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून नेली, म्हणजे त्याला काही कळायला नको. दुर्गाघाटच्या आम्हा मंडळींची ही पिढीजात हुशारी — चारचौघांत मराठीत बोललं की आपल्याभोवती भिंत उभी राहिली असं धरून चालायचं.

अर्ध्यावर बत्ती गेली. सगळं पुसलं गेलं! आणि मी सुटल्यासारखी घरी पळाले. भित्री कुठली.

१९ फेब्रुवारी

गेला!! शेवटची ओळ टाइप करून विष्णु भैया म्हणाला, "दीदी, कौन-सा कान?"

मी कागद मागे ओढला.

त्याचं लहानपण ब्रह्माघाटला, एका मराठी घरात भाड्याने गेलेलं. "पूरी मराठी समझते हैं हम. आप लोग सामने ही सब बोल देते हैं, हम क्या करें?" म्हणजे दहा वर्षं सगळा दुर्गाघाट त्याच्या बूथवरून पुण्या-नागपूरला घरची भांडणं ओरडून सांगतोय, आणि हा शांतपणे पान लावतोय!

"दाहिना," मी म्हटलं.

"हमारे तो दोनों ठीक हैं, दीदी. घरवाली से पूछिए, सुनते एक से भी नहीं."

पोट धरून हसले. गल्लीत आल्यावर रडलेही. घराबाहेरच्या ज्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं, त्याचा रकानाच प्रश्नावलीत नाही.

२२ फेब्रुवारी

उत्तर नाही.

२५ फेब्रुवारी

उत्तर नाही. संपलं बहुतेक. आज न राहवून आईला ई-मेलचं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली — "हळदीचा मुहूर्त काढून झालाय, आणि तू..."

बाबा दारात उभे होते. "बरं केलंस," म्हणाले आणि संध्येला गेले. आता बरं केलंस! तेव्हा तोंडाला कुलूप होतं का? मी ढिम्म. एक शब्द बोलले नाही.

२७ फेब्रुवारी

विष्णु भैयाने स्वतः घरी आणून दिला कागद. वाचला असणारच, डोळे पुसत होता लबाड.

अनिमेष लिहितो — "दौऱ्यावर होतो, आज वाचलं. कानाचं मला माहीत आहे. तुझ्या बाबांचं पोस्टकार्ड साखरपुड्याच्या आधीच आलं होतं: 'मुलीचं उणं लपवून मी कन्यादान करणार नाही. ती स्वतःहूनही सांगेलच. तोवर तुम्हांस ठाऊक आहे असे दाखवू नये.' मी वाट पाहत होतो."

पलीकडच्या खोलीत बाबा विद्यार्थ्यांना संथा देत आहेत. एकोणीस दिवस मी त्यांच्याशी बोललेले नाही.