शेवटचा टाका

सोमवार, ३ तारीख
अहो, ऐकलंत का? वर जाऊन सहा वर्षं झाली तुम्हाला, पण तुम्हाला टोचून बोलल्याशिवाय दिवस जात नाही माझा, म्हणून ही वही. नोकरी लागली! मोठ्या साहेबांच्या बंगल्यात शिवणकाम. ज्यांचा फोटो शाळेपासून दवाखान्यापर्यंत टांगलाय, तेच. खोलीला दोन खिडक्या, लांबलचक टेबल, मऊ गादी, आणि शेजारी घोरणारं कोणी नाही. फाटकावरच्या शिपायानं पिशवीतली दोरा ओवायची तार तेवढी काढून घेतली. म्हटलं, दादा, एवढ्याशा तारेनं साहेबांना भोसकीन का मी? हसला नाही मेला.

गुरुवार, ६
काम एकच. साहेब खुर्चीवर बसले तो दिवस पंधरा तारखेला. त्यासाठी दरवर्षी नवा काळा कोट, सगळा हातशिलाईचा. तार नाही, म्हणून दोरा जिभेवर ओला करून ओवते. कारभारीणबाई समोर बसून बघते. पाण्याची वाटी मागितली तर म्हणाली, तोंडानंच करा, छान जमतंय. म्हटलं, बाई, माझ्या थुंकीचं कौतुक नवऱ्यानंसुद्धा केलं नाही कधी! मग लेकीची फुशारकी मारली. तिची नजर तेज, एका फटक्यात ओवते. पत्ताही सांगून बसले.

मंगळवार, ११
आचारी कानाशी येऊन बोलला. साहेबांनी सैतानाशी सौदा केलाय म्हणे. खुर्ची कायमची, बदल्यात वर्षाला एक जीव. पंधराला तो येतो, कोट हुंगतो. ज्याच्या थुंकीनं शेवटचा टाका पडला, त्याला नेतो. मी म्हटलं, मी तिखट आहे, ठसका लागेल त्याला. आचारी म्हणाला, कपाट बघा.
बघितलं. एकोणचाळीस कोट. माप तेच. प्रत्येकाची शिलाई वेगळ्या हाताची, एकीची तर डावखुरी. कुणाचाच हात दुसऱ्या कोटावर नाही.

गुरुवार, १३
फाटक बंद. सुई खाली ठेवली, म्हटलं शिवत नाही जा. कारभारीण रागावली नाही. म्हणाली, हात थरथरतायत तुमचे, लेकीला बोलावून घेतलंय.

शुक्रवार, १४
आली. गळ्यात पडली. बंगला बघून खूश. तिला सुईला हात लावू दिला नाही. का ते सांगितलं असतं तर ती हट्टानं — माझ्यावरच गेलीय ना. शिवतेय. शेवटचा टाका मीच घालणार. येते तुमच्याकडे.

शनिवार, १५
एक बटण उरलंय. सकाळपासून पाठ — जरा टेकते.

दुपार
डोळा लागला. उठले तर कोट हँगरवर. बटण लागलेलं.
पोर म्हणते, दमली होतीस ना, मी लावलं.
विचारलं, दोरा कसा ओवलास. तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. वेडावून. अगदी माझ्यासारखी —

अहो, जिन्यात पावलं. कात्री कुठेय, ते बटण उसवून मी परत —
दार —
हुंगतोय. मी पुढे झाले, म्हटलं मी, मीच — माझ्याकडे बघतही नाही. तिला हसून म्हणतोय, ये बा